पाण्यात उभे राहिलेले

चप्पल मागे राहिली हे मला कळलंच नाही. परळच्या आमच्या इस्पितळाचा जिना मी रोजच्यासारखा चढत होतो, डोक्यात दुपारच्या वॉर्डाचा विचार होता, आणि खालून कुणा पेशंटाची म्हातारी ओरडली, "अवो डाक्टर, पायताण ऱ्हायलं तुमचं!" मी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी. कोल्हापुरी चप्पल खालच्या पायरीवर निवांत पडलेली. कोटाखाली धोतर आणि पायांत कोल्हापुरी ही माझी मिजास. बूट घालून मिरवणाऱ्या डॉक्टरांना मी साहेबाचे जावई म्हणत असे. म्हातारी हसली, मीही हसलो, खाली जाऊन चप्पल घातली. पण दगडी पायरी पायाखाली होती आणि पायाला ती लागली नव्हती. मी मुद्दाम पाऊल घासून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय घासल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी गिरगावातल्या घरी मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर माझी बायको तांदूळ निवडत होती, पोटुशी असल्यामुळे भिंतीला टेकून. आणि आवडी, माझी मुलगी, मोठ्याने पाढे म्हणत होती. मी कपाटाची किल्ली घेतली आणि तिच्या टोकाने उजव्या तळव्यावर टाचेपासून चवड्यापर्यंत रेघ ओढली. निरोगी माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. माझा वर उठला, सावकाश, मोठ्या रुबाबात. मेंदूतून पायाकडे जाणारी वाट कुठेतरी बिघडल्याची ती खूण. किती तळव्यांवर ही रेघ ओढून मी विद्यार्थ्यांना बजावलं आहे की माणूस खोटं बोलेल, अंगठा बोलणार नाही. मी किल्ली कपाटाला लावली आणि जेवायला गेलो.

आमच्या घराण्यात वढ आहे. पोलादपूरच्या वर डोंगराच्या सपाटीवर उंबरमाळ नावाची आमची वाडी, तिथला हा शब्द. वढ लागली म्हणजे माणूस पाय ओढत चालायला लागला. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, गोमाजी उतेकरांना, वढ लागली. त्यांची बहीण ठकूबाई शिवथरला दिली होती, तिलाही लागली, आणि ती अंथरुणातच गेली. आबांचा चुलतभाऊ मालोजी पोरवयात मुंबईला गोदीत गेला होता, दर शिमग्याला पालखीसाठी यायचा. तोसुद्धा पुढे भिंतीला धरून चालू लागला. वाडी म्हणे, ग्रामदेवी काळकाईचा कोप. मी डॉक्टर झालो तेव्हा पहिल्याच वर्षी पुस्तकात हे सगळं भेटलं: एखादा डोळा काही महिने अंधारतो आणि आपोआप उजळतो, मग पाय, मग हाताची थरथर, मेंदूत आणि पाठीच्या कण्यात ठिकठिकाणी घट्ट चट्टे पडतात. डिसेमिनेटेड स्क्लेरोसिस. मी धावत आमच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब पाइप भरत म्हणाले, हा थंड देशांतला रोग आहे, तुमच्या लोकांत तो होत नाही. का होत नाही, हे साहेबांनाही सांगता येईना. तिकडे जास्त आणि इकडे नाही, हवेचा दोष की रक्ताचा, यावर युरोपात मोठमोठे लोक वाद घालत होते. मला मात्र विलक्षण राग आला. आमच्या बापाचा रोगसुद्धा आमचा नाही म्हणजे काय! त्या दिवशी मी ठरवलं की हा रोग उंबरमाळेत आहे हे सिद्ध करायचं, आणि कशाने होतो तेही. आज हसू येतं, पण खरं सांगतो, त्या रोगाबद्दल माझ्या मनात अभिमान होता. साहेबाच्या देशात लाखांत मोजके आढळणारे रोगी माझ्या एका अंगणात जेवले होते.

आणि कारण मला सापडलंही होतं. आमच्या घराला काळकाईच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आहे. हा मान कधीचा आहे ते कुणाला ठाऊक नाही. शिमग्यात पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावरून, उचलायच्या आधी खांदेकऱ्यांनी वाडीखालच्या झऱ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ही मात्र अलीकडची रीत, आणि ती आबांनी पाडली. मी तेव्हा लहान होतो. भर दुपारी आबा एकटेच पाण्यात उतरले आणि म्हणाले, काळकाईआईचा खांदा गार पायांनी उचलायचा. गोमाजी उतेकर म्हणतो म्हणजे त्यात काही असणार, म्हणून दुसऱ्या वर्षी बाकीचेही उतरले. मी महाडला शाळेत गेलो आणि त्यानंतर काही वर्षांनी वाडीला आबांचा पाय ओढलेला दिसला. मग मालोजीकाकाचा. दोघेही खांदेकरी, दोघेही पाण्यात उभे राहणारे. क्रम इतका सरळ होता की आणखी पुरावा मागणं मूर्खपणाचं वाटावं. झऱ्याचं पाणी बर्फासारखं थंड, डोंगराच्या पोटातून येणारं. मी त्याच्या बाटल्या भरून मुंबईला तपासायला नेल्या, त्यात कसलासा क्षार जरा जास्त निघाला आणि मला आकाश ठेंगणं झालं. ठकूआत्या कधी पालखीला नव्हती, पाण्यात कधी उभी राहिली नव्हती. पण माहेरी असताना तिने त्याच झऱ्याचं पाणी भरलं होतं ना? झालं तर. निबंध लिहून तयार होता, चैत्रात मुंबईच्या वैद्यकसभेत मी तो वाचणार होतो. महाडला तळ्याचं पाणी अस्पृश्यांनी ओंजळीत घेतलं म्हणून मंत्र म्हणत ते शुद्ध करणारी माणसं मी पाहिली होती आणि त्यांना मनसोक्त हसलो होतो. पाण्यावर आळ घ्यायची आमच्या तालुक्याची खोड माझ्यातही आहे, हे तेव्हा मला सुचलं नाही.

पाणीच का हवं होतं मला, हेही सांगून टाकतो. दोष रक्तात असेल तर तो आवडीच्या रक्तात आहे, आणि जे मूल अजून यायचं आहे त्याच्याही. पाण्यात असेल तर पाण्याला न शिवता सुटका आहे. आवडी जन्मल्यापासून मी एक नियम पाळला: सुटीत गावाला जायचं, पण झऱ्याला पाय लावायचा नाही, प्यायला पोलादपूरहून नेलेलं पाणी. इतर पोरं त्या झऱ्यात धुडगूस घालायची आणि माझी मुलगी काठावर फ्रॉक सावरून बसायची. चप्पल निसटल्यानंतरचे ते दिवस आठवतात. मला भीती वाटली, पण फार नाही. आबा गेल्यापासून खांदा माझ्याकडे होता, दर शिमग्याला मी त्या पाण्यात उभा राहिलो होतो. म्हणजे माझा पाय गेला तर माझा सिद्धांत उलट पक्काच होत होता. एक पाय देऊन मुलगी वाचत असेल तर सौदा स्वस्त होता, असं मी ट्रॅममध्ये बसून स्वतःशी म्हणत असे, आणि छाती फुगत असे.

त्या वर्षी शिमग्याला बायकोला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी आणि आवडीच निघालो. धरमतरपर्यंत बोट, तिथून मोटर, महाडला मुक्काम, दुसऱ्या सकाळी पोलादपूर. उतरून घ्यायला महिपत आला होता, मालोजीकाकाचा नातू. आता मालोजीकाकाचा मागचा खांदा तो द्यायचा. गडी उमदा, वैशाखात लग्न ठरलेलं, पाचाडची मुलगी. सामानाची वळकटी त्याने डोक्यावर घेतली आणि चढ सुरू झाला. ऊन चांगलंच वर आलं होतं. पहिल्या वळणापर्यंत मी आवडीला गोष्ट सांगत होतो. दुसऱ्या वळणाला गोष्ट थांबली. उजवा पाय भिजल्या पोत्याइतका जड झाला, बोटं वाटेतल्या प्रत्येक दगडाला अडखळू लागली, आणि उजव्या डोळ्यासमोर धुरकट पडदा आला. दरीपलीकडचा डोंगर डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसत होता आणि उजव्याला नव्हता. मी बसलो. "काका, दमलास व्हय?" महिपत म्हणाला, आणि वळकटी उतरवून तोही बसला, माझ्यापेक्षा घाईने. "ह्या वळकटीत काय दगडं भरल्यात तुमी?" तो मांड्या चोळत होता. "लग्नाचं वारं लागलंय तुला," मी म्हणालो, "पाय पाचाडकडं वळतायत." तो लाजला. आवडी म्हणाली, "मी नाही दमले," आणि पुढे पळाली. तिचे पाय मी पाहत राहिलो. वाटेवरून ती कुठेही अडखळली नाही.

घरी आईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि आवडीच्या हातात द्यायला लागली, तशी मी मान हलवली. माझ्या आईला, राहीबाई उतेकरणीला, नकार ऐकायची सवय नाही. "अजून तेच का रे?" ती म्हणाली. "तुज्या आबाचं आयुक्ष ह्या पान्यावर गेलं, तू ह्या पान्यावर वाढलास, आनि पोरीला ह्याचा इटाळ? आवडे, तुजा बाप लय शिकला गो. त्याला आता आपलं पानी नाय गोड लागत." मी म्हणालो, "आये, त्या पाण्यानंच आबांचे पाय नेले." ती काहीतरी बोलणार होती, पण मग तिने पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि चुलीकडे वळली. "तुज्या आबानं पाडल्याली रीत हाय ती," एवढंच पाठमोरी म्हणाली. तो तोरा मला पाठ होता. वाडीत कुणाच्याही ओटीवर बसली तरी दोन वाक्यांत ती त्या रितीवर यायची. मला तिची कीव आली. नवऱ्याच्या मरणाच्या कारणाचाच ती अभिमान बाळगून होती, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ढोल वाजू लागले. पालखी सहाणेवर सजून बसली होती, लुगड्यांनी आणि अबोलीने. आम्ही खांदेकरी झऱ्याकडे उतरलो. ते एवढंसं अंतर, पण उन्हात माझी उजवी चप्पल पुन्हा निसटली आणि या वेळी मी ती मुद्दाम तिथेच सोडली, जणू अनवाणी जायचाच बेत होता. ही युक्ती मला किती सहज सुचली! काठावर बायका, पोरं, आई, आणि दूर एका दगडावर नियमाप्रमाणे आवडी. मी पाण्यात पाय टाकला. डावा पाय थंडीने चमकला, उजव्याला काही कळलं नाही. मी उभा राहिलो, नेहमीसारखा, डोळे मिटून, कारण तशीच पद्धत. आणि मग ते झालं. पाय परत आला. आधी घोट्यात मुंग्या, मग पोटरी हलकी, मग तळव्याखाली वाळू लागली, वाळूत एक टोकदार खडा लागला. अंगठा हलव म्हटलं तसा हलला. मी डोळे उघडले. उजव्या डोळ्यावरचा पडदा विरत होता. काठावरच्या आईच्या लुगड्याचे काठ मला वेगळे दिसू लागले. मी तसाच उभा राहिलो, आणि मला माझ्या बापाचा चेहरा आठवला, त्या पहिल्या दुपारचा, एकट्याने पाण्यात उतरलेला. इतकी वर्षं मी त्याला भक्ती समजत होतो. तो सुटल्याचा आनंद होता. मला तोच आनंद झाला होता. मग एकेक करून सगळं उलटं होत गेलं. शिमगा नसतानाही आबा त्या पाण्यात उभे असायचे. चैत्रातल्या दुपारी शेतावरून येताना थांबायचे, विचारलं तर म्हणायचे, पाट बघतोय. आणि पाटाला तर पाणीच नसायचं. रीत पाडली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांना एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं आणि आईने त्यात शेवग्याच्या पाल्याचा रस घातला होता. पाण्यात उभे राहिले म्हणून पाय गेला नाही. पाय जाऊ लागला होता म्हणून पाण्यात उभे राहिले. आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी त्याची रीत करून टाकली! सबंध वाडी पाण्यात उतरवली, म्हणजे एकटे दिसायला नकोत. पालखी नाचवताना सगळ्यांचीच पावलं झोकांडतात, त्यात एक पाऊल जास्त झोकांडलं तर कोण पाहतं? कितीतरी वर्षं त्यांनी तो खांदा असा निभावला, आणि त्यांचा डॉक्टर मुलगा औषधालाच विष ठरवून त्यावर निबंध लिहीत बसला. मला मोठ्याने हसावंसं वाटलं. शाबास, आबा, असं मनात म्हटलं. पण पाणी निर्दोष सुटलं होतं, आणि पाणी सुटलं म्हणजे उरलं ते रक्त. आवडी दगडावर बसून पाय हलवत होती.

सनईने ओढ घेतली. खांदेकरी पाण्याबाहेर निघाले. मी निघालो नाही, कारण थंडावा अजून मांडीपर्यंत चढायचा होता. पुरेसा घेऊन जायला हवा होता. आणि मला दिसलं की आणखी एक जण निघालेला नाही. महिपत. झऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथे पाणी सगळ्यांत खोल आणि थंड, तिथे तो मान खाली घालून उभा होता. मी पाणी कापत त्याच्याकडे गेलो. "कधीपासून रे?" मी हळूच विचारलं. "काय कधीपासून?" "वळकटी जड नव्हती, महिपत." "दिवाळीपासून," तो म्हणाला. "उन्हातच व्हतं. हितं आलं का बरं वाटतं. काका, कुनाला सांगू नको. पाचाडची मानसं मागं जातील." मी त्याला कातळावर बसवला आणि त्याच्या तळव्यावर नख ओढलं. अंगठा वर गेला. मग मी त्याच्याशेजारी बसलो, माझा पाय वर घेतला, माझ्याही तळव्यावर नख ओढलं आणि म्हटलं, बघ. त्याने पाहिलं. मग त्याने माझा खांदा असा धरला, जणू आम्ही आत्ताच पालखीखाली आहोत. या झऱ्यात वर्षानुवर्षं कोण कोण उशिरा निघालं असेल, आणि कुणी मोजलं नाही! मी साहेबाला तीन रोगी दाखवणार होतो. इथे उभं राहून, शेवटी कोण निघतं एवढंच पाहिलं असतं तरी पुरे होतं.

"निघा रे!" आई काठावरून ओरडली. "काळकाई खोळंबलीय सहानंवर. काय बसलाव दोगं?" मी उभा राहिलो. बायका थांबल्या होत्या, पोरं थांबली होती. बापाने जे झाकलं ते मी झाकणार नव्हतो. त्याला झाकणं भाग होतं, त्या वेळी खांदा गेला असता. माझ्याकडून खांदा काढून घ्यायची कुणाची हिंमत होती? "आये," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आबा रीत म्हणून पान्यात उतरत नव्हते. त्यांचा पाय तेव्हाच वढायला लागला होता. गार पान्यानं बरं वाटायचं, म्हणून. आता माझाही वढतो." ढोलवाल्याचा हात थांबला. आईचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता शिव्या. "मंग मला काय म्हाईत नव्हतं?" ती म्हणाली. "त्याच्या संगं संसार कुनी केला, तू का म्या? रातच्या पायाला तेल कोन चोळत व्हतं? त्यानं मला शपथ घातलेली, म्हनून गप ऱ्हायले. पन सयाजी, खांदा सोडला का रे त्यानं? येक तरी वरीस सोडला?" "नाय सोडला," मी म्हणालो. "मंग?" ती म्हणाली, आणि सगळ्या बायकांकडे वळून एकदा पाहिलं. माझ्या आईचा तो तोरा मी जन्मभर पाहिला होता. तो कशाचा होता हे मला त्या दिवशी कळलं. महिपत माझ्यामागे उभा राहिला होता. तो पाण्यातच थांबला, सगळ्यांदेखत, मी थांबलो तोवर. पाचाडच्या लोकांशी मी बोलणार आहे. त्याच्याबरोबर जाऊन, सगळं सांगून. आणि चैत्रात निबंध वाचणार आहे, दुसरा. त्यात पाण्याची बाजू मी मांडीन, ठकूआत्याची हकिकत मांडीन, रक्ताबद्दल कळलं तेवढं आणि न कळलेलंही मांडीन, आणि रोग्याच्या जागी पहिलं नाव असेल डॉक्टर सयाजी गोमाजी उतेकर. साहेबाला पाइप खाली ठेवावा लागेल.

आवडी दगडावरून उठून काठापाशी आली होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण नख ओढण्याचा खेळ तिने पाहिला होता. ती खाली बसली, उजवा पाय माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "बाबा, माझ्यावर पण ओढा ना." आई बघत होती, महिपत बघत होता. मी तिची टाच हातात घेतली आणि नख ओढलं, नीट, बाहेरच्या कडेने, जसं ओढायला हवं तसं. अंगठा खाली वळला, पाची बोटं मिटली, आणि गुदगुल्या होऊन ती इतक्या मोठ्याने हसली की बायकाही हसल्या. आज खाली वळला. आबांचाही तिच्या वयात खाली वळला असता, माझाही वळला असता. त्या अंगठ्याचं पुढचं मला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःशी खरं बोललो. "बाबा," ती हसत-हसतच म्हणाली, "आता मी पाण्यात येऊ?" मी म्हणालो, "ये." तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मी खरंच म्हणतोय का ते बघायला. मग तिने दोन्ही हातांनी फ्रॉक वर धरला आणि आमच्या झऱ्यात पाय टाकला.